ओठांचे कोपरे शाबूत होते

तिच्या ओठांचे कोपरे शाबूत होते. लग्नघरात लावलेली लाली दोन्ही कोपऱ्यांत वाळून बसली होती. एवढं एक वाक्य मी नव्वदच्या दशकात, लखनऊच्या एका सरकारी रुग्णालयात, कार्बन लावलेल्या तीन प्रतींच्या वहीत लिहायला हवं होतं. मी ते लिहिलं नाही. दुसरंच एक वाक्य लिहिलं, आणि त्यामुळे एक मुलगी अशी समजूत घेऊन मोठी झाली की आपली आई आपल्याला टाकून मरायला निघाली होती.

आता मी बहात्तर वर्षांचा आहे. हात कापतो, एक पान लिहायला सकाळ जाते. तरी सगळं लिहिणार आहे, तेव्हा ज्या क्रमाने लिहायला हवं होतं त्याच क्रमाने. नावं कुणाचीच देत नाही. माझं नाव जिथे हवं होतं त्या कागदावर ते आता आहे, तिथपर्यंतही येईन.

मी मूळचा साताऱ्याकडचा. जबड्याच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण झाल्यावर नोकरीसाठी लखनऊला गेलो आणि अकरा वर्षं राहिलो. निशातगंजात वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी. आमचा मुलगा जिना चढून आला तरी हिंदीतच बोलायचा, त्यावरून बायको त्याला रोज टोकायची. तिथल्या लग्नांना आम्ही खूप जायचो. पण बायका आत आणि पुरुष बाहेर शामियान्यात, त्यामुळे मी जे लग्न पाहिलं ते खुर्च्यांवर बसून टिक्की खाणाऱ्यांचं लग्न. आत, दारात, अंगणात काय चालतं ते मला नऊ वर्षांनंतरही माहीत नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पुढची चूक कळायला ते सांगावं लागतं.

त्या भागात लग्नात हवेत गोळ्या झाडायची हौस होती. लग्नसराई सुरू झाली की कुणाचा तळहात, कुणाचा खांदा घेऊन लोक यायचे. तोंडातली गोळी मात्र क्वचित.

ती आली सकाळी, ओपीडीचं दार उघडत होतं तेव्हा. जीपमध्ये मागच्या बाजूला उताणी झोपवलेली, तोंडात पिवळ्या ओढणीचा बोळा कोंबलेला. वय सव्वीस. गोळी लागली होती आदल्या संध्याकाळी. मधला सगळा वेळ तालुक्याच्या एका दवाखान्यात आणि, हे मला नंतर कळलं, घरातल्या पुरुषांच्या सल्लामसलतीत गेला होता. बरोबर तिचा नवरा होता, तो काही बोलत नव्हता. बोलत होता तो तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. पांढरा कुडता, शांत आवाज, प्रत्येक वाक्याला “डॉक्टर साहब”.

तोंडाला जखम झालेल्या माणसाला उताणं झोपवायचं नसतं. रक्त, थुंकी, तुटलेले दात, सगळं मागे घशात जातं आणि माणूस जखमेने नाही तर गुदमरून मरतो. मी बोळा काढला, तिला बसवलं, पुढे वाकवलं, आणि सगळं फरशीवर पडू दिलं. जीभ सुजून टाळूला टेकली होती. जिभेच्या टोकातून एक टाका घालून ती पुढे ओढून धरली. तरी श्वास शिट्टीसारखा वाजत होता, तेव्हा गळ्यात छिद्र पाडून नळी बसवली. नळीतून पहिला श्वास आला आणि तिने डोळे उघडले. त्या क्षणी मी फार चांगला डॉक्टर होतो. हे लिहिणं मला भाग आहे, कारण त्या दिवशीची माझी हुशारी आणि माझा गुन्हा यांच्यात दोन तासांचंही अंतर नव्हतं.

मग मी तिचं तोंड आतून धुतलं. आम्ही दातवाले आधी धुतो. चूळ भरल्याशिवाय आम्हाला काही दिसत नाही, ती हाताला लागलेली सवय आहे. दातांच्या दवाखान्यात ती बरोबर आहे, गोळीच्या जखमेत चूक. तिथे धुण्याआधी बघायचं आणि लिहायचं असतं: काजळी आहे का, बंदुकीच्या दारूचे कण रुतलेत का, चामडी भाजली आहे का. बंदूक जवळून सुटली की या खुणा राहतात. लांबून आलेली गोळी त्या ठेवत नाही. मी पिचकारीने रात्रभर टिकलेल्या खुणा दोन मिनिटांत धुऊन टाकल्या, किंवा खुणा नव्हत्याच याचा पुरावाही धुऊन टाकला.

नंतर मी बारकाईने तपासलं. गोळी उघड्या तोंडातून आत गेली होती. ओठांना भोक नव्हतं, गालाला नव्हतं. डाव्या बाजूच्या खालच्या दाढा फोडून, जिभेची डावी कड चिरून, खालचा जबडा तीन तुकड्यांत मोडून ती कानाखाली कातडीच्या आत येऊन थांबली होती. टाळू स्वच्छ होता. खालचे चार दात जागेवर नव्हते. हरवलेला प्रत्येक दात शोधावा लागतो, नाहीतर तो फुफ्फुसात गेलेला असू शकतो. एक ओढणीच्या बोळ्यात सापडला. दोन दातांचे तुकडे जिभेत रुतले होते, ते मी एकेक काढले. चौथ्यासाठी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे घेतला. तो पोटात होता. चारही दातांचा ठाव लागल्यावरच मी उठलो.

आणि ओठांचे कोपरे शाबूत होते. कुणी बंदुकीची नळी तोंडात धरली तर दारूचा वायू आतच फुगतो आणि ओठ कोपऱ्यांतून फाटतात. हे मला शिकवलेलं होतं, मी ते इतरांना शिकवतही होतो. तिचे कोपरे मी डोळ्यांनी पाहिले. लालीसुद्धा पाहिली.

मग वही भरायला बसलो. गोळीचा रुग्ण आला की पोलिसांसाठी नोंद करावी लागते. एक प्रत ठाण्याला, एक रुग्णाच्या फाइलला, एक वहीत. जेठाने सांगितलं की घरात बहिणीचं लग्न होतं, गडबडीत नवरा-बायकोत कुरबूर झाली, ती आत गेली, त्याचं स्वतःचं, म्हणजे जेठाचं, परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात होतं. पुढे तो बोलला नाही, फक्त हात जोडले.

मी विचार केला तो असा: बंदूक समोर असताना तोंड आ वासून कोण उभं राहील? गोळीचा आवाज झाला की माणूस तोंड मिटतो, डोकं वळवतो. ओठांना इजा न होता गोळी आत गेली याचा एकच अर्थ. माझ्या गावाकडच्या लग्नांत बायका दारात तोंड मिटून, पदर सावरून उभ्या राहायच्या. मला दुसरं चित्र दिसलंच नाही. ओठांचे कोपरे माझ्या तर्काला बसत नव्हते, म्हणून मी तर्क ठेवला आणि कोपरे सोडले. नियमाप्रमाणे मी ‘नातेवाइकांच्या सांगण्यानुसार’ एवढंच लिहू शकत होतो. मी पुढे जाऊन माझं मत म्हणून लिहिलं की जखम स्वतःच्या हाताने झालेली आहे. खाली सही केली.

पुढचे तीन दिवस जबड्यातच गेले. हाडाचे जिवंत तुकडे ठेवायचे, मेलेले तेवढेच काढायचे. घाईने सगळं साफ करणारा माणूस अर्धा जबडा फेकून बसतो. वरच्या आणि खालच्या दातांना तारा बांधून तोंड बंद केलं. उशाशी तार कापायची पक्कड टांगली, कारण उलटी झाली तर तारा तत्काळ तोडाव्या लागतात. नाकातल्या नळीतून डाळीचं पाणी.

चौथ्या दिवशी वॉर्डच्या सिस्टरने मला राउंडला बाजूला घेतलं. पन्नाशीची, बाराबंकीकडच्या गावातली बाई, आम्हा डॉक्टरांना पोरं समजायची. तिने तापाच्या तक्त्याचा फाडलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. त्यावर पेन्सिलीने, सुरेख अक्षरात लिहिलं होतं: “गोली हमने नहीं चलाई। हम द्वारे पर गा रहे थे।”

मला पहिली लाज वाटली ती अक्षराची. पायात जोडवी, हाताला मेंदी, गावचा पत्ता. मी तिला निरक्षर धरलं होतं. बोलता न येणाऱ्या रुग्णाला कागद द्यायचं मला चार दिवस सुचलं नाही. ती बारावी झालेली होती.

मी सिस्टरला म्हणालो की गात होती म्हणजे काय, वरात दारात आलेली असताना घरची सून पुरुषांसमोर गाईल कशी? सिस्टरने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी विचारलं होतं की पाणी कुठून पितात.

“साहब, द्वारचार के बखत औरतें मुँह बंद करके नहीं खड़ी रहतीं,” ती म्हणाली. “आपके यहाँ समधी को कोई सुनाता नहीं क्या?”

मग तिने मला तिथे उभ्याउभ्या समजावलं. वरात दारात आली की मुलीकडच्या बायका उंबऱ्यापाशी उभ्या राहतात आणि वरपक्षाच्या पुरुषांना गाण्यातून शिव्या घालतात. व्याह्याच्या पोटाला, नवरदेवाच्या मामाच्या चपलांना, त्याच्या फूफाच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, मिशांना. ज्याला शिवी बसते तो खूश होतो, न मिळाली तर रुसतो. गाणं जितकं मोठ्याने तितका मान. आणि त्याच वेळी समोर अंगणात पुरुष आनंदाने गोळ्या झाडत असतात.

बंदुकीसमोर तोंड आ वासून कोण उभं राहील, याचं उत्तर अख्ख्या वॉर्डाला माहीत होतं. झाडूवाल्या बाईलासुद्धा. फक्त मला नव्हतं.

त्या दुपारी मी एक्स-रे घेऊन छावणीत गेलो. तिथे सैन्याच्या रुग्णालयात एक मराठी सर्जन होता, सांगलीचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. गोळीच्या जखमा त्याने माझ्या दसपट पाहिल्या होत्या. त्याने एक्स-रे खिडकीला धरले, नोंदीत काय लिहिलंय ते ऐकून घेतलं आणि मला दोन प्रश्न विचारले.

“कोपरे?”

“शाबूत.”

“टाळू?”

“स्वच्छ.”

“गोळी आतच राहिली, म्हणजे दमून आलेली. पंधरा-वीस पावलांवरची तरी. कुणीतरी हात खाली आणताना सुटलेली.” त्याने एक्स-रे खाली ठेवले. “आणि स्वतः मारून घेतली असं कुठल्या गाढवाने लिहिलं?”

“मी,” म्हणालो.

तो हसला नाही. चहा मागवला. मग म्हणाला, “आजच्या आज दुरुस्तीचं पत्र दे. उद्या देशील तर का उशीर केला विचारतील. परवा देशील तर किती घेतलेस विचारतील.”

त्याचं म्हणणं खरं होतं. तिथे नोंद बदलणारा डॉक्टर म्हणजे विकला गेलेला डॉक्टर, हे सगळे धरूनच चालत. माझी बढतीची मुलाखत महिन्याभरावर होती. दुरुस्ती द्यायची तर आधी धुतलं आणि मग लिहिलं हे कबूल करावं लागणार होतं, तेही ज्यांना मी शिकवत होतो त्यांच्यासमोर. त्या दिवशी मी पत्र दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला वाटलं की आता उशीर झाला, आणि तो विचार करताना मला सुटल्यासारखं वाटलं. या वाक्यातला एकही शब्द मी सौम्य करणार नाही.

घरी बायको पोळ्या लाटत होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने लाटणं थांबवलं नाही.

“अहो, मग हे तिथे सांगा की जाऊन,” ती म्हणाली. “मला काय सांगताय? मी का ठाणेदार आहे?”

पोलिसांनी पुढे काही केलं नाही. तिच्यावर खटला भरला नाही, जेठाची चौकशी झाली नाही. कागद फायलीत गेला, आणि मी स्वतःला समजावलं की कागदाने कुणाचं काही बिघडलं नाही.

त्यानंतरचे महिने मी तिच्यावर जितकं काम केलं तितकं क्वचितच कुणावर केलं असेल. का, ते आता स्पष्ट आहे. तारा निघाल्या, जबडा जुळला, पण डावीकडे बोटभर हाड कमी होतं. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवला. जीभ तळाशी चिकटली होती, ती सोडवली. मग बोलणं. जीभ उचलल्याशिवाय ट, ड, ल, र निघत नाहीत, आणि तिची जीभ उचलत नव्हती. टेम्पोवाले ओरडतात ती नावं मी तिला म्हणायला लावायचो: आलमबाग, चारबाग, निशातगंज. आलमबागचा ल तिला सहा आठवडे दमवत होता. ती चिडायची, पुन्हा म्हणायची. एकदा माझ्याकडे बघून तिने ‘डॉक्टर’ हा शब्द इतका वाईट म्हटला की सिस्टर हसली, आणि तीही, तोंडावर हात धरून. ज्या दिवशी ल स्वच्छ निघाला त्या दिवशी तिने तो वॉर्डभर फिरून सगळ्यांना ऐकवला.

सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं होतं. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची, ती सासरी ठेवून घेतली. ती स्वतः तपासणीला आली की दर खेपेला मला एकच गोष्ट सांगायची: कागद ठीक करून द्या. मी म्हणायचो, बघू, आधी दात बसवू.

दीड वर्षाने तिने मुलीचा ताबा मागितला. न्यायालयातून मला समन्स आलं. सासरच्यांच्या वकिलाने माझी प्रत काढली आणि अक्षर माझंच का विचारलं. मी हो म्हणालो. जखम स्वतःच्या हाताने झाली असं यात लिहिलंय का? लिहिलंय, म्हणालो. तिचा वकील नवखा होता. त्याने माझा पत्ता आणि माझं शिक्षण विचारलं आणि खाली बसला. मग न्यायाधीश, वयस्कर गृहस्थ, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले:

“डॉक्टर साहब, कुछ और कहना चाहेंगे?”

दार पूर्ण उघडं होतं. तिथे लाच घेतल्याचा संशय नव्हता, बढती मिळून गेली होती. ती समोरच्या बाकावर बसली होती, जबडा किंचित डावीकडे झुकलेला, ओठ मिटलेले.

“जी नहीं,” मी म्हणालो.

ज्या बाईने एकदा जिवावर उठून स्वतःला गोळी घातली तिच्याकडे लहान मूल कसं सोपवायचं, असा तो निकाल होता. निकालाचे शब्द वेगळे होते, अर्थ हाच.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यापाशी आली. मला वाटलं आता ती बोलेल ते ऐकावं लागेल. तिने विचारलं की मंगळवारी येऊ का, कवळी खाली टोचतेय. मी म्हणालो, ये. मंगळवारी ती खुर्चीत बसली, मी कवळीची कड घासून दिली, तिने बसवून पाहिली, उठली, आणि दाराशी थांबून म्हणाली:

“आपने पूरा नहीं बोला, डॉक्टर साहब।”

“जितना पूछा, उतना बोला,” मी म्हणालो.

ती पुन्हा आली नाही. वर्षभरात मी लखनऊ सोडलं आणि पुण्याला आलो.

पुढची पंचवीस वर्षं मी चांगली नोकरी केली. तापाच्या तक्त्याचा तो तुकडा माझ्या पदव्यांच्या फाइलमध्ये होता. बायकोला तो कुठे आहे ते माहीत होतं, तिने कधी काढला नाही, कधी विषयही काढला नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली.

गेल्या वर्षी मला अर्धांगाचा सौम्य झटका आला. हात-पाय वाचले, बोलणं गेलं. पहिल्याच संध्याकाळी सुनेने नातवाची पाटी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, “बाबा, काय हवं ते लिहा.” मी पाटीकडे बघत राहिलो. मला पाटी पहिल्या दिवशी मिळाली. तिला चौथ्या दिवशी, तीही माझ्याकडून नाही. तीन आठवड्यांनी बोलणं परत आलं. शब्द जुळवायला मला आलमबागचाच ल लागला, सुनेला कळेना मी हे कुठलं नाव घेतोय.

बरा झाल्यावर मी पहिलं काम केलं ते तज्ज्ञ म्हणून नव्याने अहवाल लिहायचं. काय पाहिलं, काय धुऊन टाकलं, काय जाणूनबुजून लिहिलं नाही, न्यायालयात काय बोललो नाही. प्रतिज्ञापत्र करून, साक्षीदारांसमोर सही केली. सही वाकडी आली, पण पूर्ण नाव आहे. मग जुन्या सिस्टरचा ठावठिकाणा काढला. ती आता फार थकली आहे, पण फोनवर मला लगेच ओळखलं आणि म्हणाली, “इतने बरस लगा दिए, साहब।” पत्ता तिने दिला. मुलगा म्हणाला पोस्टाने पाठवा. मी म्हणालो, नाही.

आलमबागेत आता मेट्रो घरांच्या वरून जाते. ती भावाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर राहते, आणि लहान मुलांना वाचायला शिकवते. मी पोचलो तेव्हा सात-आठ मुलं निघत होती. पन्नाशी ओलांडलेली, केस पांढरे, जबडा तसाच किंचित डावीकडे. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असेल तर तिने दाखवलं नाही. पाणी दिलं. मी माफीचे शब्द जुळवून आलो होतो. पहिलं वाक्य अर्धं झालं तोच तिने हात वर केला आणि म्हणाली, माफी-वाफी राहू द्या, कागद आणलात का ते सांगा.

तिने अहवाल दोनदा वाचला. शिकवणाऱ्या माणसाचं वाचणं, बोट ओळीखाली ठेवून. ज्यांच्या हातून गोळी सुटली ते जेठ वारले, असं तिने मधेच सांगितलं, आता कुणाला शिक्षा नको आहे. मग शेवटचं पान पालथं ठेवलं. तिची मुलगी कानपूरला आहे, तिला दोन मुलं आहेत. दिवाळीला फोन करते, तब्येत विचारते. एवढंच. लहानपणी तिला सांगितलं होतं की डॉक्टरने लिहून दिलंय. तिने तो कागद मोठेपणी स्वतः वाचला होता. आईने किती वेळा सांगितलं तरी ती म्हणायची, लिहिलंय ना पण.

तिने फोन उचलला, नंबर लावला, पलीकडे आवाज आल्यावर एवढंच म्हणाली की ज्यांनी लिहिलं होतं ते डॉक्टर समोर बसलेत. आणि फोन माझ्याकडे दिला.

“अब पूरा बोलिए।”

मी बोललो. झटक्यानंतर मला लांब वाक्यं जमत नाहीत, म्हणून छोटी छोटी बोललो. लालीपासून सुरुवात केली. कोपरे, टाळू, कानाखाली थांबलेली गोळी, चार दात कुठे कुठे सापडले. मी आधी धुतलं हे. मला तिथल्या लग्नाची रीत माहीत नव्हती हे. चौथ्या दिवशी कळलं होतं आणि तरी गप्प बसलो हे. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा मी काय म्हणालो, तेही त्याच दोन शब्दांत. मधे मी दोनदा विचारलं, ऐकताय ना? दोनदा “हाँ” आलं.

माझं सांगून संपलं. मला वाटलं ती विचारेल की तुम्ही असं का केलंत, आणि त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तिने विचारलं, “अम्मा गा क्या रही थीं?”

मला माहीत नव्हतं. हरवलेल्या प्रत्येक दाताचा शोध घेतला, आणि हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं. मी फोन परत दिला आणि प्रश्न सांगितला.

तिने फोन कानाला लावला, मग हाताने झाकला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आप ज़रा बाहर बैठिए। फूफा की मूँछों वाली है, आपके सामने कैसे गाएँ।”

मी काठी घेतली आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसलो. दार तिने लोटलं, पण पूर्ण लागलं नाही.